खांबेट्यांचे कांदे

"फ्रिज उघडू नका. हात मागे घ्या. मागे घ्या म्हणतोय ना मी!"

आवाज मोरीतून आला आणि त्याच्या मागोमाग खांबेटे आले. कमरेला पंचा, अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात वस्तरा. मी त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या फ्रिजच्या मुठीला हात लावून उभा. समोरच्या ब्लॉकमध्ये राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता, धाकट्याचा पाय मुरगळला होता आणि आमच्याकडे फ्रिज नव्हता, म्हणून वाटीभर बर्फ मागायला गेलो होतो. खांबेटेवहिनींनीच आत पाठवलं होतं.

खांबेट्यांनी वस्तरा माझ्या नाकासमोर धरला आणि एकाएकी आवाज इतका खाली आणला, की मला वाटलं घरात कोणीतरी शेवटचं अंथरूण धरलंय.

"झोपलेत ते," ते म्हणाले.

"कोण?"

"बल्ब."

अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या सोसायटीत वेडाचे नमुने कमी नव्हते. तळमजल्यावर एक गृहस्थ पाण्याच्या टाकीशी गप्पा मारत. पण बल्ब झोपवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. मी बर्फाचा नाद सोडला आणि वस्तऱ्यावर नजर ठेवून उलट्या पावलांनी घरी आलो.

या बल्बांची बातमी बिल्डिंगला होती, पण अर्धवट. त्या काळात आमच्याकडे व्होल्टेजचे असे हाल, की संध्याकाळी दिवा लागला आहे की नाही हे काडी पेटवून बघावं लागे, आणि नंतर तोच दिवा सूर्यासारखा भडकून फट्‌दिशी उडे. तेव्हा खांबेट्यांसारखा केमिकलमधला हुशार माणूस बल्ब फ्रिजमध्ये ठेवतो म्हटल्यावर लोकांनी आपापला अर्थ काढला. ज्यांच्याकडे फ्रिज होते त्यांच्या दुधाच्या पातेल्याशेजारी साठ-साठचे दिवे गारठत पडले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी माठात सोडले. आमच्या सेक्रेटरींनी एक दिवा फ्रिजमधून काढून थेट होल्डरला लावला. तो फुटला आणि त्याच्या काचा त्यांच्या आमटीत पडल्या, तरी त्यांची श्रद्धा ढळली नाही. त्यांचं म्हणणं, तो नीट मुरला नव्हता.

खांबेट्यांचे बल्ब म्हणजे ट्यूलिप नावाच्या विलायती फुलाचे कंद. दिसायला हुबेहूब कांदा. तपकिरी साल, खाली मुळांची टक्कल पडलेली शेंडी. थंड मुलखात ते हिवाळाभर बर्फाखाली पडून राहतात आणि वसंतात फुलतात. आता अंबरनाथला बर्फ फक्त गोळेवाल्याकडे, म्हणून खांबेट्यांनी त्यांच्यापुरता हिवाळा फ्रिजमध्ये केला होता. भाजीच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांना दोन-तीन महिने निजवायचं, मग गॅलरीतल्या कुंडीत लावायचं. वहिनी त्यांना कांदे म्हणत. खांबेटे प्रत्येक वेळी "बल्ब" म्हणून दुरुस्ती करत, आणि वहिनी पुढच्या वाक्यात पुन्हा कांदे म्हणत.

खांबेटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. दिवसभर माल पास करायचा नाहीतर रिजेक्ट करायचा, हे काम. आणि हे काम चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायची त्यांना सवय नव्हती. चहाचा पहिला घोट जिभेवर फिरवून ते "पास" म्हणत, मगच पाहुण्याने कप उचलायचा. उपमा "रिजेक्ट, मॉइश्चर जास्त." न्हाव्याने आरसा धरला की स्वतःचं डोकं रिजेक्ट करत आणि न्हावी हवालदिल होई, कारण रिजेक्ट झालेलं डोकं पुन्हा भरून कसं द्यायचं. आमच्या बिल्डिंगमधले एक म्हातारबुवा गेले तेव्हा खांबेट्यांनी तिरडीच्या गाठी ओढून बघितल्या आणि त्यातल्या दोन नापास केल्या. खोटं सांगत नाही, खांदेकरी ताटकळलेले, बायका रडायच्या थांबलेल्या, आणि हे सुतळी सोडून नव्याने बांधून घेतायत. म्हातारा मात्र स्मशानापर्यंत तसूभर हलला नाही, हेही सांगायला पाहिजे.

सगळं रिजेक्ट केलेलं ते पुन्हा तपासत. एक मुलगी तेवढी त्यांनी रिजेक्ट केली आणि पुन्हा हातात घेतली नाही.

नीला त्यांची एकुलती एक. तिची गोष्ट मी राहायला येण्याआधीची, बिल्डिंगकडून कळलेली. उल्हासनगरच्या कॉलेजात जात होती, तिथेच टेकचंद नावाच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या मुलाशी तिचं जमलं. मुलाचे मामा हॉलंडमध्ये कपड्याच्या धंद्यात होते, त्यांनी भाच्याला बोलावलं होतं. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि मग घरी सांगितलं. मुलगा सिंधी आहे याचं मला काही नाही, खांबेटे म्हणत, पण माल गेटबाहेर गेल्यावर सँपल दाखवायला आणतात का? हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत, की जिन्यात खेळणाऱ्या पोरांनाही ते पाठ होतं. नीला नवऱ्याला घेऊन नमस्काराला आली तेव्हा खांबेट्यांनी दार उघडलं नाही. वहिनी आतून कडीला हात लावून उभ्या होत्या म्हणतात. कडी निघाली नाही. पोरगी विमानात बसून गेली.

पुढच्या वर्षी गणपती गेल्यावर टेकचंद स्वतः जिना चढून आले. हा माणूस म्हणजे चालता कापूस. पांढरा सफारी, पांढरे केस, घाम पुसायला पांढरा टॉवेल. हातात कागदाची पिशवी.

"साईं," दारातूनच ते म्हणाले, "बेटी ने बसर भेजा है."

बसर म्हणजे सिंधीत कांदा. खांबेटे म्हणाले, आमच्याकडे चातुर्मास आहे, कांदा घरात येत नाही.

"फूलवाला बसर है, साईं. बेटी बोली, फ्रिज में सुलाना, पीछे मिट्टी में डालना. फूल आवे तो बाबा फोन करें."

एवढंच. आता हे नीलाने बापाला काहीतरी निमित्त मिळावं म्हणून म्हटलं असणार, हे बिल्डिंगमधल्या मांजरालाही कळलं असतं. पण खांबेट्यांना निमित्त कळत नव्हतं, स्पेसिफिकेशन कळत होतं. फूल आलं तर फोन. नाही आलं तर बॅच पास नाही, आणि बॅच पास नाही तर फोन नाही. पिशवी त्यांनी ठेवून घेतली.

तेव्हापासून दर वर्षी पिशवी येई, आणि दर वर्षी अंबरनाथ त्या कंदांना मारून टाकी. एका वर्षी ते कुंडीत कुजून त्यांचा आंबूस चिखल झाला. एका वर्षी नुसती पानं आली, तीही वहिनींच्या शब्दांत लसणासारखी. एका वर्षी उंदराने न्याहारी केली. खांबेट्यांनी तो उंदीर पकडून त्याच्याशी काय केलं ते मी लिहीत नाही, पण त्यानंतर आमच्या मजल्यावर उंदीर दिसला नाही, आणि खालच्या मजल्यावरचेही बदलापूरला गेले असं बोललं जाई.

खांबेटे हरणारे नव्हते. कंदांच्या मुक्कामात त्या फ्रिजचा कारभार इस्पितळासारखा चाले. दार उघडायचं ते दोन बोटांनी. समोर मोठ्याने बोलायचं नाही. आत थर्मामीटर. फळ तर फ्रिजमध्ये औषधालाही चालत नसे. मी एकदा सफरचंदं घेऊन गेलो, तर ती त्यांनी मला माझ्या पिशवीसकट जिन्यात नेऊन परत दिली आणि समजावलं, की पिकल्या फळातून एक वायू सुटतो, त्याने कंदाच्या आतलं फूल पोटातच मरतं.

"बाहेरून काही कळत नाही, पाटकर. कंद टणक दिसतो. वजन तेवढंच भरतं. आत मेलेलं असतं."

वहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

वीज ही दुसरी पीडा. आमच्याकडे शुक्रवारी ती दिवसभर जाई. त्या दिवशी खांबेटे रजा टाकत, कंद बिस्किटांच्या डब्यात भरत, डबा ओल्या टॉवेलात गुंडाळत आणि मला बरोबर घेऊन रिक्षाने उल्हासनगर गाठत. रिक्षावाल्याला ताकीद असे, की खड्डा चुकवायचा. अंबरनाथ-उल्हासनगर रस्त्यावर खड्डा चुकवायचा म्हणजे रस्ताच सोडावा लागे, आणि एकदा आम्ही तसे एका लग्नाच्या मांडवातून गेलोही. पोचायचं कुठे? तर टेकचंदच्या दुकानात. रॉकेलवर चालणाऱ्या जनरेटरपासून बाटल्यांच्या मोठ्या पेटीपर्यंत गारव्याची सगळी सोय तालुक्यात फक्त तिथे, असं खांबेटे म्हणत. बर्फाचे कारखाने वाटेत दोन लागत. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही.

दुकानाशी ते स्वतः जात नसत. रस्त्यापलीकडच्या पानाच्या टपरीला पाठ टेकून, दुकानाकडे अर्धा कान करून उभे राहत. डबा मी न्यायचा. टेकचंद तो दोन्ही हातांनी घेऊन पेटीत सोड्याच्या बाटल्यांच्या मध्ये बसवत, आणि पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात मला नीलाच्या घरची खबर सांगत. तिथे सारखा पाऊस असतो. ती सायकल शिकली. तिने दुकानाचा हिशेब हातात घेतला. मग पलीकडे एक कोल्ड्रिंक पाठवत. खांबेटे ते शेवटच्या थेंबापर्यंत पीत आणि मला सांगत, "रिजेक्ट. गॅस कमी आहे."

एका वर्षी पिशवीबरोबर पेढे आले. खांबेटे टेबलाशी बसून कंद तागडीत टाकत होते. टेकचंद दारात उभे, डोळे भरलेले. बेटी को बेटी हुई, ते म्हणाले. खांबेट्यांनी तागडीवरची नजर काढली नाही. बराच वेळ काटा हलत राहिला. मग त्यांनी विचारलं, "वजन किती?"

"किसका साईं? बसर का?"

खांबेट्यांनी आणखी एक कंद तागडीत टाकला. मग वहिनीच म्हणाल्या, "बाळाचं विचारतायत ते."

आता मधल्या त्या फेब्रुवारीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या वर्षी थंडी चांगली पडली होती. एका कुंडीत पानांच्या बेचक्यात काहीतरी हिरवं बोंड दिसायला लागलं. बिल्डिंगमध्ये बातमी पसरली, माणसं रांगेने बघायला आली; तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई तर हळदीकुंकू घेऊन आल्या. वहिनी रोज सकाळी आंघोळ करून गॅलरीत जात आणि नुसत्या उभ्या राहत. एका रविवारी ते बोंड उमललं. म्हणजे कसं, तर मातीपासून दोन बोटं वर, बुटकं, पाकळ्यांच्या कडा लाल आणि मधला भाग हिरवाच, एका अंगाने सुकलेला. पण तोंड उघडं होतं. मी स्वतः पाहिलं.

वहिनी आत गेल्या आणि ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या. केस विंचरलेले, पायात चपला. नाक्यावर पिवळ्या पाटीचं टेलिफोन बूथ होतं, तिकडे जायचं म्हणून.

खांबेटे कुंडीपुढे उकिडवे बसले होते. त्यांनी भिंग काढलं. फूल पुढून पाहिलं, मागून पाहिलं, पट्टीने देठ मोजला. आम्ही सगळे मागे दाटीने उभे.

"याला फूल म्हणत नाहीत," ते म्हणाले. "थंडी कमी पडली की असा डिफेक्ट येतो. रिजेक्ट."

मी म्हटलं, अहो खांबेटे, लाल आहे, उमललंय, आणखी काय पाहिजे? ते म्हणाले, उद्या ती विचारेल कसं आलंय, तर काय सांगू? खोटं सांगू? त्यांनी भिंग पुन्हा पुसायला घेतलं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस फुलाला भीत असावा. फोन लावायचा म्हणजे पहिलं वाक्य बोलायला पाहिजे, आणि त्या वाक्याचं स्पेसिफिकेशन त्यांना कोणी दिलेलं नव्हतं.

वहिनी चपला काढून आत गेल्या. लुगडं बदलून त्यांनी कुकर लावला.

तुम्ही म्हणाल, बाईने स्वतः का नाही फोन केला. मीही हेच म्हटलं होतं. टेकचंदनी तर दर वर्षी गळ घातली, बहनजी, दुकान में फोन है, दो मिनट बात करो. वहिनींचं उत्तर एकच. त्या म्हणाल्या, "मी बोलले की ह्यांना सगळं आयतं कळत राहील. मग ह्यांचा फोन कायमचा राहिला." लेकीचा आवाज ऐकायचा नाही हे त्यांनी असं ठरवून टाकलं होतं, आणि त्या ठरावाने त्या वर्षागणिक वाळत चालल्या होत्या. पंचेचाळिशीची बाई साठीची दिसायला लागली. कोणी विचारलं तर म्हणत, उपासांनी होतं तसं.

उपास मात्र खरेच होते. चातुर्मास त्या कडक पाळत. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत घरात कांदा-लसणाचं साल दिसत नसे. आणि कार्तिकी झाली, बारस उजाडली, की पहिल्या पानाला कांद्याची भजी ठरलेली. चार महिने कांद्यावाचून राहिलेले खांबेटे त्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघराभोवती घिरट्या घालत.

पुढे एका वर्षी आलेले कंद त्यांच्या मते आजवरचे सर्वोत्तम होते. मोठे, टणक, एकसारखे. फ्रिजही नवा होता, वीजही फारशी गेली नव्हती. बारशीनंतरच्या रविवारी ते कुंडीत जाणार होते. कुंड्या भरून तयार. खांबेटे मला म्हणाले, यंदा रिजेक्ट करायला जागाच नाही, बघा. हे सांगताना ते अजिबात खूश दिसत नव्हते.

बारशीला दुपारी मी घरी जेवत होतो. समोरून भज्यांचा वास आला आणि पाठोपाठ खांबेट्यांचा आवाज, "पास." भजी पास झाल्याचं मी त्या दारामागून प्रथमच ऐकलं. माझा ताकभात संपत आला. मग भांडं पडल्याचा आवाज, आणि खांबेट्यांची अशी आरोळी, की खाली रस्त्यावर रिक्षा थांबल्या.

मी धावलो. फ्रिज सताड उघडा. भाजीचा कप्पा जमिनीवर पालथा, आत चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद. खांबेटे भिंतीला धरून ओकत होते आणि मधल्या मधल्या श्वासात ओरडत होते, अगं हे तू काय चिरलंस, काय तळलंस. वहिनी पाटावर बसल्या होत्या, ताटावरून उठल्याच नव्हत्या. तोंड पांढरंफटक, कपाळावर घाम.

स्टेशनजवळच्या नर्सिंग होममध्ये दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर टाकलं, सलाईन लावली. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं. ट्यूलिप, असं खांबेटे म्हणाले. डॉक्टरांनी नर्सला सांगितलं, भ्रम आहे, लक्ष ठेवा. मग मी सगळं समजावल्यावर ते म्हणाले, चार महिन्यांनी कांदा हातात आला, बाईंचा घोटाळा झाला, होतं असं. बिल्डिंगनेही तेच म्हटलं. सेक्रेटरी तर म्हणाले, बरं झालं, काचेचे नव्हते.

खांबेट्यांच्या ताटात चारच भजी पडली होती. ते लवकर उठून बसले. बाकीचा घाणा वहिनींनी स्वतःच्या ताटात वाढून घेतला होता. त्यांना उलटी थांबत नव्हती, आणि नंतर थांबली तेव्हा डॉक्टर जास्तच घाबरले, नाडी धरून उभे राहिले.

खांबेटे खाटेवरून बघत होते. ओरडत नव्हते. मग मला म्हणाले, "पाटकर, समोरचं बूथ उघडं आहे का बघा."

उघडं होतं. त्यांची सलाईन सुटली नव्हती, म्हणून बाटली मी हातात उंच धरली आणि आम्ही तसेच रस्ता ओलांडला. एक बस थांबली, दोन बैलगाड्या थांबल्या. मी म्हटलं, टेकचंदना विचारून नंबर आणतो. गरज नव्हती. खांबेट्यांनी काचेच्या खोक्यात शिरून नंबर फिरवला, परदेशाच्या आकड्यासकट, न थांबता. कधी पाठ केला होता, मी विचारलं नाही. नळीमुळे दार पूर्ण लागत नव्हतं, त्यामुळे मला ऐकू येत होतं.

"नीला, मी बोलतोय."

मीटरचे लाल आकडे पळत होते. खांबेट्यांनी कपाळ काचेला टेकवलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "फूल नाही आलं. नाही गं. असाच केला."

आईचं कळल्यावर नीला पोरीला घेऊन विमानाने यायला निघतेय, हे त्यांनी परत आल्यावर वहिनींच्या कानाशी वाकून सांगितलं. संध्याकाळपर्यंत नाडी सुधारली. डॉक्टर म्हणाले, निभावलं. खांबेटे खुर्चीवर बसल्या बसल्या, हात खाटेच्या कडेवर ठेवून झोपून गेले. वहिनी जाग्या होत्या, छताकडे बघत.

मी हळूच विचारलं, "वहिनी, इतकी वर्षं ते कंद रोज डोळ्यासमोर. चिरताना ओळखू नाही आले?"

"आले ना," वहिनी म्हणाल्या. "खायचे कांदे बाहेर टोपलीत होते."